बंद जिनिंगचा रस्ता

संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुडा जिथे धूसर रेघ न राहता डोंगरासारखा दिसायला लागतो, तिथल्या एका गावाच्या शिवारात मी बंद पडलेलं जिनिंग विकत घेतलं. गावापासून ते बाजूला, शेतांच्या मध्ये होतं. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं भंगारात गेली होती. फरशीतून त्यांचे बोल्ट तेवढे वर आलेले होते आणि तुळयांना जुनी रुई जळमटांसारखी लोंबत होती. एक लांबलचक हॉल, वर पत्रे. एका टोकाला मुनीमाची खोली. आवारात आग विझवण्यासाठी बांधलेला हौद, कोरडा. आणि गाठी बांधायच्या इमारतीची एक उंच विटांची भिंत. बाकी इमारत पडली होती, भिंत उभी होती.

जागा या भिंतीसाठी घेतली असं म्हणता येईल. तिच्यावर चढाईचा सराव करायचा, हॉलमध्ये मुलांनी झोपायचं, सकाळी पायथ्यापर्यंत चालत जाऊन पक्षी पाहायचे, असा बेत होता.

बेत दोघांचा होता. दुसरा आमच्याच दैनिकात छायाचित्रकार होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही अजिंठ्याच्या डोंगररांगेत भटकायचो आणि परतीच्या एसटीत अशा जागेबद्दल बोलायचो. मग आमची जिल्हा आवृत्ती बंद झाली. त्याला दिल्लीत नोकरी मिळाली, मला नुकसानभरपाई. दोर, हेल्मेट आणि बाकीचं सामान भरलेली ट्रंक त्याने माझ्याकडे आणून ठेवली. "तू सुरू कर, मी येतोच," असं तो म्हणाला. तो आला नाही. यात तक्रार नाही. त्याला तेव्हाच मुलगी झाली होती आणि दिल्लीहून आमचं शेगाव स्टेशन लांब पडतं.

जागा पाहिली ती वैशाखात. मालकांचा पुतण्या खामगावहून जीप घेऊन आला होता. शेतं वखरून मोकळी पडली होती. डांबरी रस्ता सोडल्यावर त्याने जीप सरळ रानात घातली आणि धुरळा उडवत फाटकापाशी नेऊन उभी केली. मी सातबारा पाहिला होता, नोंदणी कार्यालयात जुने व्यवहार तपासले होते, मोजणी करून घेतली होती. वार्ताहराने विचारावेत ते सगळे प्रश्न विचारून झाले होते. रस्ता कोणता, हे मात्र विचारलं नाही. विचारण्याचं कारण दिसत नव्हतं; ज्या बाजूला पाहावं त्या बाजूला गाडी जात होती. वऱ्हाडात शेतातली इमारत वैशाखात पाहू नये, हे तिथल्या कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नव्हतं.

मृगानंतर पत्रे आणायला अकोल्याला गेलो. परतलो तेव्हा फाटकाला लागून कपाशीची लावण झालेली होती. पत्र्यांची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे आणि एकदा शेताकडे पाहिलं, आणि पत्रे तिथेच उतरवून तो निघून गेला.

शेत ज्यांचं होतं ते साठीचे गृहस्थ बांधावरच उभे होते. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, पायात प्लॅस्टिकचे बूट. सारं गाव त्यांना चाचा म्हणत असे. मीही तेच म्हणालो.

"चाचा, रस्ता कुठे गेला?"

"कोन्ता रस्ता?"

"जिनिंगचा."

"जिनिंग चालू हाये काय?"

"नाही."

"मंग रस्ता कायले पाह्यजे?" ते हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. "पायी याले-जायाले धुरा हाये न साहेब. बिनधास्त या. चहा प्याले या."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्या पावसाळ्यात माझं जाणं-येणं बांधावरूनच झालं. पत्रे एकेक करून डोक्यावरून आणले. गॅसचं सिलिंडर आणायला गावातली दोन माणसं लागली. श्रावणापर्यंत कपाशी कमरेला आली, नंतर खांद्याला, आणि जिनिंगच्या चारी बाजूंनी हिरवी भिंत उभी राहिली. पलीकडून कोण जातं ते दिसत नसे. माणसं बोलत जात, पण शब्द कळायच्या आत पुढे गेलेली असत. मुनीमाच्या खोलीत मी एक खाट, एक टेबल आणि रेडिओ ठेवला होता. रोज संध्याकाळी दोनदा बातम्या ऐकत असे. ऐकून झाल्यावर त्यावर बोलायला कुणी नसे. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर हा बदल सर्वांत आधी जाणवतो: बातमी येते आणि ती कुणाला द्यायची नसते.

फवारणीच्या दिवशी चाचा बांधावरून हाक मारत. "साहेब, खिडक्या लावा." औषधाचा वास तरी आत येई, आणि तोंडात धातूची चव राही. बोंडअळीसाठी ही फवारणी नसे. बीटी बियाण्याच्या कपाशीला अळी लागत नाही असं तेव्हा सगळे धरून चालत. पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडींसाठी ती असे, आणि संपली असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू होई. एकदा अकोल्याहून तीन पक्षीनिरीक्षक आले. बांधावर एकजण घसरला. त्याच दिवशी फवारणी होती. दुर्बिणी गळ्यातच राहिल्या. त्यांनी चहा घेतला, भिंतीचं कौतुक केलं आणि दुपारच्या बसने ते परत गेले. वहीत त्यांनी पक्ष्यांची नावं लिहावीत म्हणून मी वही काढून ठेवली होती. ती तशीच ट्रंकेत गेली.

गणपतीच्या सुमारास खामगावच्या एका शाळेतून शिक्षकांचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं निसर्ग शिबिर घ्यायचं होतं. त्यांनी हॉलबद्दल, पाण्याबद्दल विचारलं. शेवटी म्हणाले, "बस दारापर्यंत येते ना? कुणाला काही झालं तर गाडी दारात असली पाहिजे. आमच्या मुख्याध्यापकांची ती पहिली अट आहे."

येईल, असं मी सांगितलं. फोन ठेवला आणि बांधावरून चाचांच्या घरी गेलो. हे शिबिर झालं नाही तर पुढचं कुणी विचारणार नव्हतं, आणि दुसरा पावसाळा मी त्या खोलीत एकट्याने काढला नसता. जागा विकायला काढली असती. ती कुणी घेतली असती का, हा पुढचा प्रश्न.

चाचांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात पिकअप उभी होती. चाचींनी खाट पुढे सरकवली.

"इथीच बसा. बैठकीत कापूस साहेब बसेल हायेत."

दार उघडं होतं. पुढच्या खोलीत छतापर्यंत गेल्या वर्षीचा कापूस भरलेला होता. भाव वाढेल म्हणून ठेवला होता. भाव वाढला नव्हता.

"हे म्हंते, भाव येईन," चाची म्हणाल्या. "कोठून येऊन राह्यला थो भाव? कलकत्त्याहून पायी निंघाला काय?"

"थो कापूस हाये म्हनून तुह्या हातात बांगड्या हायेत," चाचा म्हणाले.

"बांगड्या माह्या बापानं देल्ल्या." त्यांनी बाही वर करून मला हात दाखवला. कोपरापर्यंत लाल चट्टे होते. "पाहा साहेब. रातभर खाज. लेकीचे लेकरं आले तं दोन दिवसात पयाले. पलंग कापसाले, आंगन आमाले."

मी रस्त्याचं काढलं. आधी भाडं देण्याची गोष्ट बोललो. चाचांनी हात झटकला.

"भाडं घेतलं का मंग रस्ता तुमचा होते. उद्या मले कोर्टात उभं करसान. नाई. अब्बानं बी पैसे घेतले नव्हते."

मग त्यांनी जुनी हकिकत सांगितली. जिनिंग उभं राहिलं तेव्हा शेठने त्यांच्या वडिलांकडे शेतातून रस्ता मागितला होता. वडिलांनी पैसे नाकारले आणि एकच गोष्ट मागितली: आपल्या बंड्या रांगेत लागणार नाहीत. हंगामात कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकापासून नाल्यापर्यंत जायची. माणसं तिथेच चुली मांडायची, बंडीखाली झोपायची. एखाद्याची पाळी यायला दोन रात्री लागायच्या.

"अन् आमची बंडी सरळ आत," चाचा म्हणाले. "मी वर बसेल असो, कापसावर. लोकं शिव्या देत. अब्बा नुसती टोपी नीट करत." त्यांनी स्वतःची टोपी नीट करून दाखवली. "जिनिंग बंद झालं, रांग सपली. रस्ता कायच्या बदल्यात ठेवू? मी नांगरून टाकला. आता तुमी सांगा, तुमच्याकडे कोन्ती रांग हाये? मी कोनाच्या पुढं जाऊ?"

पोरांना भिंतीवर चढायला शिकवणार आहे, असं मी म्हणालो. उत्तर चाचींनी दिलं.

"काऊन हो, साहेबाचं जिनिंग रिकामंच हाये न?"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"यंदाचा कापूस तथी टाका," चाची म्हणाल्या. "बदल्यात देऊन द्या रस्ता. अन् माह्या घरातून काढा ही बला."

व्यवहार असा त्यांनी ठरवला. मी अर्धा हॉल देऊ केला.

"कापूस काय एका कुशीवर झोपते?" चाचा म्हणाले. "पुरा हॉल. दसऱ्यापासून, भाव येईस्तोर. अन् आतमधी चूल नाई, इस्टो नाई, बिडी नाई. एक ठिनगी पडली तं तुमी बी गेले अन् मी बी."

म्हणजे ज्या दिवसांत मुलं येणार, त्याच दिवसांत हॉल भरलेला असणार. रस्ता हवा तर हॉल सोडायचा, हॉल ठेवायचा तर रस्ता नाही. मी दोन दिवस विचार केला. तंबू भाड्याने आणता येतील, मुली मुनीमाच्या खोलीत झोपतील, मी वऱ्हांड्यात. रस्ता भाड्याने आणता येत नव्हता. मी हो म्हणालो. कागद केला नाही. चाचांना तो अपमान वाटला असता. शाळेला कळवलं की बस दारापर्यंत येईल, मुलं तंबूत राहतील. शिक्षक म्हणाले, मुलांना तेच आवडेल.

दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी चाचा दोन मजूर घेऊन रस्ता काढायला आले. गाडी जाईल एवढे कपाशीचे तास, म्हणजे ओळी, डांबरी रस्त्यापासून फाटकापर्यंत उपटायचे होते. पीक उभं होतं, काही बोंडं फुटलेली, बाकी हिरवी आणि टपोरी. त्या तासांतला फुटलेला कापूस आधीच वेचून घेतला होता. मी फाटकापाशी उभा होतो. उभी कपाशी उपटताना मुळं सुटल्याचा एक कोरडा आवाज येतो. तो ऐकवत नव्हता, आणि रस्ता मागितला मीच होता.

चाचांनी उपटलेलं एक झाड उचललं, त्यावरचं हिरवं बोंड तोडलं आणि दोन अंगठ्यांनी दाबून फोडलं. काही शोधायला नसावं. वाया जाणारी वस्तू माणूस एकदा हाताळून पाहतो, तसं. आतल्या एका पाकळीत कापूस पिवळा पडून चिकटला होता. त्यात तांदळाएवढी गुलाबी अळी होती.

त्यांनी दुसरं फोडलं. मग तिसरं. मजूर थांबले. चाचा रस्त्याची हद्द सोडून उभ्या पिकात शिरले आणि चांगल्या झाडांची बोंडं फोडत गेले. उभ्या पिकाचं हिरवं बोंड कुणी फोडत नाही. फुटलं की दिसतंच. म्हणून त्या शिवारात तोवर कुणी आत पाहिलं नव्हतं. काही वेळ फक्त बोंडं फुटल्याचा आवाज येत राहिला. ते बाहेर आले तेव्हा बोटांना पिवळं लागलेलं होतं.

"बाहेरून पाहा," एक बोंड माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "नवरदेव हाये नवरदेव."

आज राहू द्या, असं मी म्हणालो.

"काऊन? ठरलं थे ठरलं." ते मजुरांकडे वळले. "उपटा बे. पाहून काय राह्यले?"

संध्याकाळपर्यंत रस्ता झाला. सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंनी कपाशी. इतके महिने मी त्याची वाट पाहिली होती. त्या दिवशी त्यावरून चाललो नाही. बांधावरूनच गावात गेलो आणि बांधावरूनच आलो.

पुढच्या आठवड्यात शिवारातल्या सगळ्यांनी बोंडं फोडून पाहिली. कृषी खात्याची माणसं येऊन गेली. एका जुन्या सहकाऱ्याचा मला फोन आला: तू तिथेच आहेस, थोडा मजकूर दे. मी दिला. शिवार, पेरा, अळीची लक्षणं, शेतकऱ्यांचं म्हणणं. माझ्या रस्त्याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि तो बातमीचा भागही नव्हता. बाकीची बोंडं फुटायला लागली तेव्हा त्यांतून कवडी निघाली, म्हणजे कडक, डागाळलेला, बोंडाला चिकटलेला कापूस. वेचणीच्या बायांना मजुरी किलोवर मिळते. त्या एक दिवस आल्या आणि परत निघाल्या.

"चाचा, या कापसात बोटं जाते, कापूस येत नाई," त्यांच्यातली एक म्हणाली. "दिवस घालवून घरी काय काटे नेऊ?"

चाचांनी त्यांना थांबवलं नाही.

हॉल मी झाडून ठेवला होता. तुळयांची जुनी रुई काढली होती, फरशीवर ताडपत्र्या अंथरल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दसऱ्यानंतर पिकअप नव्या रस्त्याने आली आणि कापूस एका कोपऱ्यात उतरवला. काही दिवसांनी पुन्हा आली. मग आली नाही. ढीग माझ्या छातीएवढाही झाला नाही. बाकीच्या ताडपत्र्या रिकाम्याच राहिल्या. वारा आत आला की त्यांच्या कडा हलत.

बैठकीतला गेल्या वर्षीचा कापूस चाचांनी तोवर विकून टाकला होता. एक दिवस चाची पाहायला आल्या. जिनिंगमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. दारात उभं राहून त्यांनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "हा तं घरीच मावला असता."

मी शाळेला फोन करून सांगितलं की तंबूंची गरज नाही, हॉलमध्ये जागा आहे. कशी झाली, ते शिक्षकांनी विचारलं नाही.

दिवाळीनंतर बस आली. नव्या रस्त्याने दारापर्यंत आली आणि आवारात वळून उभी राहिली. मुलं उतरली ती धावतच हॉलमध्ये शिरली आणि एवढी मोठी मोकळी जागा बघून ओरडायला लागली. पत्र्यांखाली आवाज घुमतो हे त्यांना लगेच कळलं. मी त्या आवाजाची सवय मोडलेला माणूस होतो. थोडा वेळ बाहेर हौदापाशी जाऊन उभा राहिलो. स्वयंपाक तिथेच मांडला होता, हॉलपासून दूर.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. भिंतीवर दोराने चढणाऱ्या मुलांना त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"गुर्जी," ते शिक्षकांना म्हणाले, "आमच्या गावात भितीवर चोर चढते. तुमी शाळेत शिकवता?"

शिक्षक मोठ्याने हसले. मग म्हणाले, "हॉल फार छान आहे हो. एवढा मोठा असेल असं फोनवर वाटलं नव्हतं. आणि रिकामा मिळाला, हे बरं झालं."

"हाव," चाचा म्हणाले. "झोपू द्या पोराईले पसरून."

एका मुलीने कोपऱ्यातल्या ढिगाला हात लावून हे काय आहे असं विचारलं. कापूस, मी सांगितलं. तिने बोटांत थोडा दाबून पाहिला आणि म्हणाली, मऊ नाहीये. चाचा तोवर फाटकाकडे निघाले होते. त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

मुलं तीन मुक्काम करून गेली. बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर जिनिंग आधीपेक्षा शांत झालं. भिंतीवर खडूच्या खुणा होत्या. हॉलमध्ये एक मोजा आणि पाण्याची बाटली राहिली होती. दोन्ही वस्तू मी शाळेला पाठवल्या. त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

संक्रांतीनंतर चाचांनी कापूस विकला. भावाची वाट पाहण्याएवढा तो नव्हता. पिकअप एकाच खेपेत सगळा घेऊन जाणार होती. मी पोती चढवायला मदत केली. कोपरा रिकामा झाल्यावर त्यांनी स्वतः ताडपत्री झटकली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

वेचणी संपून शेत आता उलंगलं होतं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, काढून झाल्या होत्या. थोड्याच दिवसांत वखरणी होणार होती, आणि त्यानंतर रस्ता आणि शेत यांत फरक दिसणार नव्हता. त्यांच्या वाट्याचा मोबदला त्यांना मिळाला नव्हता. हॉल ज्या कामासाठी मागितला होता ते काम झालंच नव्हतं. तेव्हा पेरणीत ते रस्ता मोडणार असं मी धरून चाललो होतो. जागा विकण्याबद्दल खामगावच्या एका दलालाशी मी बोलूनही ठेवलं होतं.

ते पिकअपमध्ये बसले. इंजिन सुरू करून थांबले.

"वखर मारताना रस्ता सोडतो," ते म्हणाले. "तुमी दोन्ही कडंनं दगड लावून घ्या."

"यंदा काय पेरणार?"

"काय म्हंजे? पराटीच." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते जरा चिडले. "दुसरं काय पेरू? सगळ्या साली अळी येत नाई साहेब. हॉल ठेवजा मंग. पुरा."

ठेवतो, असं मी म्हणालो.

दगड मी लावले. नाल्यातून आणून, चुना मारून, दोन्ही बाजूंनी. दलालाला नको म्हणून कळवलं. उन्हाळ्यात आणखी दोन शाळांनी विचारणा केली. एकीला दिवाळीची सुट्टी हवी होती. राहायला मोठा हॉल आहे असं ऐकलंय, तो मिळेल का, असं त्यांनी विचारलं. दसऱ्यापर्यंत मिळेल, मी सांगितलं. त्यानंतर तिथे कापूस असतो.